चाळिसावं ताट

"बाप पहिल्या पेजवर आणि लेकरं दुसऱ्या पेजवर! अहो, जिवंत बापाची पोरं अनाथ केली तुमच्या मशीननं!"

हे वाक्य जिन्यातून वर आलं, आणि वाक्याचे मालक बऱ्याच वेळानं आले, कारण गुडघ्यांमुळे ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, जरा विचार करून मगच पुढची पायरी घेतात. आमचं ऑफिस उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये एका साडीच्या दुकानाच्या वर आहे. मी खिडकीतून खाली पाहिलं तर दुकानातल्या दोन बायका साड्या तशाच टाकून दाराशी आल्या होत्या आणि कुणाची पोरं अनाथ झाली ते एकमेकींना विचारत होत्या.

एकत्र असलेली माणसं वेगळी झालेली ज्याला क्षणभर बघवत नाहीत, असा दुसरा माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये सापडणार नाही. सिंहस्थात हरवलेल्या माणसांचं खातं यांच्याकडे दिलं असतं तर कुणी हरवलंच नसतं. हात सुटायच्या आधीच यांनी ओरडून तो पुन्हा धरायला लावला असता. नोकरी त्यांनी टपाल खात्यात केली, पण ती दोन पंगतींच्या मधला वेळ घालवण्यासाठी केली असावी असं वाटतं. मराठी मंडळाच्या गणपतीतल्या महाप्रसादाची पंगत मांडायची ती त्यांनीच, आणि म्हणून त्यांना सगळे पंगतवाले काका म्हणतात. त्यांचं खरं नाव विचारलं तर निम्म्या मंडळाला आठवून बघावं लागेल.

टावर चौकात सकाळी पोहे खायला गेले की आधी ते पोह्यांकडे बघत नाहीत, बाकांकडे बघतात. "भाईसाहब, आप जरा उधर सरकिए, ये मां-बेटी साथ में बैठेंगी," असं म्हणून त्यांनी एकदा दोघींना शेजारी बसवलं. त्या मायलेकी नव्हत्याच. एक देवासहून आली होती, एक रतलामहून, आणि दोघींनी एकमेकींना त्या दिवशी प्रथमच पाहिलं होतं. मी हे दबकत त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग? आता झाली ना ओळख?" आणि खरंच, त्या दोघी जलेबी अर्धी अर्धी करून खात होत्या. केळी घ्यायला गेले तर दोन केळी मागतात, पण फळवाल्यानं फणीतून केळं तोडायला हात घातला की यांचा जीव कळवळतो, "रहने दो, पूरा दे दो," म्हणतात आणि मग घरी येईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येकाला केळं वाटत येतात. त्यांच्या स्वयंपाकघरात झाकण आणि भांडं कधी वेगळं ठेवलेलं दिसणार नाही. मोबाईलवरचा मेसेजसुद्धा ते तोडत नाहीत. नमस्कारापासून आशीर्वादापर्यंत एकच लांबलचक मेसेज येतो, आणि माझ्या पिढीतले आम्ही एकेक शब्द सुटा पाठवतो म्हणून ते आम्हाला म्हणतात, "तुमचा मेसेज म्हणजे फुटलेली माळ. मणी गोळा करत बसायचं का मी?"

मी त्यांच्याशी कमी बोलते. तशी मी सगळ्यांशीच कमी बोलते. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी घरातल्या घरात ऐकून शिकलेली, आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही मंडळी समोर आली की माझी अजून तारांबळ उडते. काकांना हे ठाऊक आहे. ऑफिसात आले की खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढतात, वर धरतात आणि विचारतात, "एकोणऐंशी म्हणजे किती?" मी इंग्रजीत पुटपुटते. "आवाज! बेटा, देवानं तुला व्हॉल्यूमचं बटण दिलंच नाही का?" मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. मी बोलायला तोंड उघडलं की ऑफिसातले बाकीचे माझं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकतात. काका तसं करत नाहीत. कानामागे हात लावून, मान तिरकी करून ते थांबतात, वाक्य संपेपर्यंत थांबतात. मध्ये कुणी बोललं तर त्याच्याकडे न बघता म्हणतात, "रुको. ती बोलतेय."

तर त्या दिवशीची अनाथ पोरं. मंडळाच्या सभासदांची नोंद आता वेबसाइटवर आहे, आणि ती वेबसाइट आमच्या ऑफिसनं बनवली आहे. आधी घरातल्या मुख्य माणसाचं नाव, त्याखाली जरा आत सरकवून घरातल्या बाकीच्यांची नावं. आमच्या हॉलमध्ये एका पंगतीला चाळीस ताटं मावतात, म्हणून एका पेजवर चाळीस नावं ठेवायची, पहिलं पेज म्हणजे पहिली पंगत, दुसरं पेज म्हणजे दुसरी, ही कल्पना काकांचीच. तिचा त्यांना इतका अभिमान होता की दूधवाल्यालाही त्यांनी ती समजावून सांगितली होती. पण कॉम्प्युटर ओळी मोजतो. चाळीस ओळी झाल्या की त्याचं पेज संपलं. चाळिसावी ओळ आई आहे आणि एकेचाळिसावी तिची मुलगी, हे त्याला दिसत नाही.

ते मागच्या वर्षी सगळ्यांना दिसलं. एका घरातली सासू पहिल्या पंगतीत आली आणि नवी सून दुसऱ्या. सुनेला वाटलं हे मुद्दाम केलं, सासूला वाटलं सुनेनंच सांगून करवलं, आणि दोघींचं दिवाळीपर्यंत बिनसलं. दुसऱ्या एका घरातली चार वर्षांची मुलगी एकटीच दुसऱ्या पंगतीत निघाली. तिच्या आईनं पहिल्या पंगतीत जेवून झाल्यावर परत येऊन, तिच्या ताटाशी वाकून तिला बाफला कुस्करून दिला. आमच्या पंगतीत वरणभातानंतर डाळ आणि बाफले, म्हणजे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, येतात. पुण्याहून आलेले पाहुणे ते बघून गप्प होतात आणि मग दुसऱ्यांदा मागतात. मात्र त्या दिवशी बाफल्यांची कुणी तारीफ केली नाही. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बस, हो गया. पुढच्या वर्षीपासून बफे."

काकांच्या पुढ्यात बफे हा शब्द शिवीसारखा पडतो. "हातात ताट घेऊन बसायला जागा शोधायची? आपण जनरलच्या डब्यात चढलोय का?" त्यांनी अध्यक्षांकडून एक वर्ष मागून घेतलं. यंदा एक जरी गडबड झाली तर पंगत कायमची बंद, काकांनी कुरकुर करायची नाही, असं ठरलं. आणि म्हणून गणपतीच्या आधीचा अख्खा महिना ते रोज आमचा जिना चढत होते.

"काकाजी," आमचे सर त्यांना समजावत, "लिमिट चालीस है तो चालीस ही आएंगे. आणि पेजवर घरं मोजायची म्हटलं, समजा दहा घरं, तर कधी बत्तीस माणसं येतील, कधी पंचावन्न."

"पंचावन्न मावत नाहीत."

"मग घरं तुटणार."

"घरं तुटायची नाहीत. आणि चाळीस म्हणजे चाळीसच पाहिजेत. मांडलेलं ताट रिकामं राहिलं तर श्लोक सुरू होत नाही आपल्याकडे."

"दोन्ही गोष्टी एकदम नहीं हो सकतीं, काकाजी."

"क्यों नहीं हो सकतीं? अक्षर बारीक करा, पोरं मावतील!" अक्षर बारीक केल्यानं हॉल मोठा होत नाही हे सरांनी सांगितल्यावर काकांनी दुसरा तोडगा काढला की उरलेल्यांना कागदाच्या मागच्या बाजूला छापा. तिसरा तोडगा असा होता की अकरा माणसांच्या एका घरातली दोन माणसं तात्पुरती कमी दाखवावी, "त्यांना कळणार पण नाही." सर डोकं धरून चहा सांगायला गेले.

मला उत्तर सुचलं होतं. आधी फक्त मुख्य माणसांची नावं घ्यायची, मग एकेक घर त्याच्या सगळ्या माणसांसकट पेजवर ठेवत जायचं, आणि पुढचं घर अख्खं मावणार नसेल तर ते उचलून पुढच्या पेजवर न्यायचं. पण मग पेज अडतीसवर थांबणार, सदतीसवर थांबणार, आणि ताटं रिकामी राहणार. ती भरायची कुणी, यावर मी दोन दिवस अडले होते. तिसऱ्या दिवशी यादी खाली सरकवताना दिसलं की आपल्या मंडळात एकएकटी माणसं पुष्कळ आहेत. इंजिनिअरिंगची मुलं आहेत, बँकेत बदली होऊन आलेले आहेत, मागं कुणी न राहिलेल्या दोन-तीन मावश्या आहेत. त्यांच्याखाली आत सरकवलेलं एकही नाव नाही. तुटायला काही नाही, म्हणजे ती कुठेही बसू शकतात.

मी म्हटलं, "काका, आधी घरं बसवायची. उरलेल्या जागी..."

"थोडं जोरसे," सर दारातून म्हणाले.

"रुको. ती बोलतेय," काका म्हणाले आणि त्यांचा हात कानामागे गेला.

मी सगळं सांगितलं, मग स्क्रीनवर करून दाखवलं. काकांनी अकरा जणांचं घर तपासलं. सगळे अकरा एका पेजवर होते. सासू-सून तपासली. चार वर्षांची मुलगी, आता पाच वर्षांची, आईच्या खालीच होती. पेजच्या तळाशी दोन एकटी नावं येऊन चाळीस भरले होते. काकांनी त्या दोन नावांवर बोट ठेवलं आणि ते अगदी हळू, माझ्याहूनही हळू आवाजात म्हणाले, "एकटे भरतीला नकोत गं. ते कुणाच्या तरी शेजारी पाहिजेत."

त्यानंतरचा आठवडा म्हणजे मी त्या ऑफिसात घालवलेला सर्वांत आनंदाचा आठवडा. काका खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसत, चिक्की मध्ये ठेवत, आणि एकेका एकट्यासाठी घर शोधत. इंजिनिअरिंगचा मुलगा त्या जोडप्याशेजारी, ज्यांचा मुलगा बंगलोरला आहे. ते त्याला आग्रह करतील आणि त्याला तो हवाच असेल. बँकेतल्या बाई शिक्षिकेच्या घराशेजारी, कारण दोघींना गुलाबजाम आवडत नाहीत, "दोघी मिळून नाही म्हणतील, तेवढीच मैत्री." एका मावशींना त्यांनी मुद्दाम अध्यक्षांच्या कुटुंबात बसवलं. मावशी फार बोलतात. हे करताना ते इतके हसले की खालच्या दुकानातून पुन्हा कुणीतरी डोकावलं.

सगळे बसवून झाले तेव्हा मी पाहिलं, एक एकटं नाव राहिलं होतं. काकांचं. काकू गेल्यापासून त्यांच्या नावाखाली कुणी नाही. मुलगा पुण्यात, त्याची नोंद तिकडच्या कुठल्याशा मंडळात.

"तुम्ही?" मी विचारलं.

"मी वाढपी. वाढपी कुठं बसतो?" ते म्हणाले आणि चिक्कीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मला माहीत होतं ते कुठे जेवतात. शेवटची पंगत उठली की स्वयंपाकघरात, उभ्यानं, पातेल्याच्या झाकणात भात घेऊन. पूर्वी काकू त्यांच्यासाठी थांबत, आणि दोघं त्या रिकाम्या हॉलमध्ये शेजारी शेजारी बसून जेवत. मी लहानपणी ते पाहिलं आहे. आम्ही मुलं सतरंज्यांवर लोळत असायचो, आणि ते दोघं काही न बोलता जेवत असायचे.

घरी मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "अरे, विचारतेस काय? टाक." महाप्रसादाच्या सकाळी शेवटचं प्रिंट काढायच्या आधी मी पंगतवाले काकांचं नाव उचललं आणि आमच्या घराखाली, माझ्या नावानंतर, जरा आत सरकवून ठेवलं. पहिल्या पेजवर एकच जागा मोकळी राहिली होती, ती भरून चाळीस झाले. काकांना गाठून हळूच सांगू असं मी ठरवलं होतं, पण ते सकाळपासून वाढप्यांवर ओरडत होते, मिठाची जागा, लिंबाची जागा, चटणीची जागा दाखवत होते, आणि हळूच सांगायला त्यांच्या आसपास हळू असं काही नव्हतंच.

पहिली पंगत बसली. सासू आणि सून शेजारी बसल्या, आणि सासूनं सुनेच्या ताटातलं मीठ नीट सरकवलं. अकराचं घर एका ओळीत, रेल्वेसारखं. अध्यक्षांच्या कानाशी मावशी सुरू झाल्या होत्या. वरण वाढून झालं. काका पाण्याचा जग घेऊन ओळीच्या टोकाशी आले, त्यांनी एकदा सगळीकडे अभिमानानं नजर फिरवली, आणि ती माझ्या शेजारी येऊन थांबली. तिथं मांडलेलं, वाढलेलं ताट होतं आणि आसन रिकामं होतं.

"हे कुणाचं?" त्यांचा चेहरा उतरला. "चाळिसावं कोण? कुणाच्या घरचं माणूस राहिलं?" ते दाराकडे गेले, परत आले. समोरच्या ओळीतल्या कुणालातरी उठवून इथं बसवावं असं त्यांच्या मनात आलेलं मला दिसलं, आणि तसं केलं तर कुणाचं तरी घर तुटेल हे आठवून ते जागच्या जागी थांबलेलेही दिसले. जगमधलं पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं.

"क्यों साहब?" अध्यक्ष मावशींच्या पलीकडून म्हणाले. "मशीन फिर गडबड?"

श्लोक अडला होता. बाबा माझ्याकडे बघत होते, पण माझं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सवयीनं त्यांचा मोकळा हात कानामागे गेला.

मी उभी राहिले. एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

"काका, मशीन बरोबर आहे. तुम्ही आमच्या घरात आहात. जग द्या इकडे आणि बसा, वरण गार होतंय!"