लेव्हलमधली फरशी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडले तेही हा विषय टाळूनच. तुम्हाला का सांगतोय — धड माहीत नाही. ऐकून घ्या, बस.

नेरला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी वायंडिंग करून देतो, शेतात जाऊन बसवूनही देतो. याच्या हातात कला आहे, असं लोक म्हणतात, आणि मला ते ऐकायला फार आवडतं. तिथेच सगळं बिघडलं. घरातली जुनी न्हाणी फोडून नवं बाथरूम करायचं ठरलं, तेव्हा रेखा, माझी बायको, म्हणाली, "मिस्त्रीले बोलवा ना." मी उसळलो. मिस्त्री कायले? मी मेलो का?

टाइल्स मीच आणल्या, सिमेंट मीच कालवलं, फरशी मीच बसवली. आणि कशी बसवली? मोटारीचा पाया बसवतात तशी — लेव्हलच्या नळीतला बुडबुडा अगदी मधोमध आणून. मोटार तिरकी बसली तर थरथरते, म्हणून जन्मभर तेच करत आलो. पण न्हाणीला उतार लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं की नाही? मला नाही कळलं, बाप्पा. पहिली बादली ओतली तर पाणी जाळीकडे जाईचना. दाराजवळ तळं करून बसलं. रेखा म्हणाली, "पाणी जाऊनच नाही राह्यलं." मी म्हणालो, वायपर मार. ती बिचारी रोज मारत राहिली.

दिवाळी आली. पहिल्या आंघोळीला सगळ्यांना तेल लावायचं काम रेखाचं. आधी तिनं मला लावलं, मग माझ्या मायला. मी आंघोळ केली, उठलो आणि — इथेच माझी जीभ अडते — दाराजवळ माझा पाय सटकला. साचलेल्या पाण्यावर माझ्याच अंगावरचं तेल पसरलं होतं. नळ धरला म्हणून वाचलो. बाहेर माय टॉवेल घेऊन उभी. थांब, वायपर मारतो — एवढंच मी तिला म्हणायला हवं होतं. एवढंच! पण रेखानं विचारलं असतं, काहून? मग माझाच पाय सटकला हे सांगावं लागलं असतं, आणि माझी कला उघडी पडली असती. मी हसत म्हणालो, "जाय माय, मस्त गरम पाणी आहे."

खुबा मोडला तिचा.

पुसदहून बहीण धावत आली आणि आल्या आल्या रेखावर तुटून पडली, "एवढं तेल कायले चोपडलं वहिनी? म्हातारं माणूस आहे!" साऱ्या नात्यात तेच झालं — सुनेनं तेल जास्त लावलं, सासू पडली. रेखालाही ते पटलं. आणि मी? नुसता गप्प बसलो असतो तरी थोडं बरं होतं. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं हिले, तेल जपून लाव." कधी सांगितलं होतं? कधीच नाही.

ती फरशी मी मिस्त्रीकडून उखडून घेतली. मायसाठी खरबरीत टाइल बसवतो, असं सगळ्यांना सांगितलं. लोकांनी वर कौतुक केलं — मुलगा असावा तर असा!

माय पुढे वॉकरशिवाय चालली नाही. जायच्या आधी एकदा तिनं रेखाचा हात धरला. "मनाले लावून घेऊ नको व पोरी. तुह्या हातून मुद्दाम थोडंच झालं?" रेखा तिच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मी तिथेच होतो, मायचं औषध हातात घेऊन. माझ्या वाट्याची माफी माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या माणसाला मिळाली, आणि मी ती मिळू दिली. लाज वाटली? वाटली. फार वाटली. आणि मी मायला औषध पाजलं, बस.

यंदाच्या दिवाळीत आमची मुलगी तेलाची वाटी घेऊन आईपुढे पाटावर बसली. रेखानं वाटी तिच्याच हातात परत दिली. "तूच लाव बाई. माह्या हातानं नको."

मी ऐकलं. टॉवेल घेतला आणि आंघोळीला गेलो.