चांगला हात कोणी धुवायचा

'समज कमी आहे. सूचना पाळत नाही.' ही दोन वाक्यं माझ्या अक्षरात आहेत. आमच्या छापील फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात, निळ्या शाईत, एका बाईच्या नावासमोर मी ती लिहिली. लिहायला एक मिनिटही लागलं नसेल. त्या घरात मी जेमतेम पाऊण तास बसलो होतो आणि त्यातला निम्मा वेळ चहात गेला होता.

मी डॉक्टर नाही. मुरबाडच्या एका कारखान्यात बरीच वर्षं फिटर होतो. तो बंद पडल्यावर शहापूरच्या एका छोट्या संस्थेत लागलो. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसांना एका हाताने स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून आम्ही साधनं बनवतो. एका बाजूने उंच काठ असलेली थाळी, लांब दांड्याचा कंगवा, न्हाणीत धरायला दांडी. कल्पना थेरपिस्ट ताईंच्या, लोखंड-लाकूड माझं. त्या वर्षी ताई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, म्हणून घरोघर जाऊन माहितीही मीच घेत होतो. पण ही सबब नाही. फॉर्म कसा भरायचा हे त्यांनी मला शिकवलं होतं. "आधी माणसाला विचारायचं, मग घरच्यांना," हे त्यांचं पहिलंच वाक्य होतं.

ती बाई साठीच्या आसपासची. गाव मुरबाडच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून आत. तिची उजवी बाजू गेली होती आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं होतं. दोनच शब्द उरले होते, 'नाय' आणि 'मेल्या'. कोंबडीला मेल्या, मुलाला मेल्या, आणि मी ओटीवर चढलो तेव्हा मलाही.

सून तिला भरवत होती. "डाव्या हाताने खा म्हटलं का तोंड फिरवते," सून म्हणाली. "तो हात चांगलाय ना तिचा. मग खायला काय होतं?"

मी टेप काढून उजवा हात मापायला घेतला. तिने डावा पुढे केला. तळवा वर, मग पालथा.

"मावशी, हा नाही. तो द्या."

"नाय." परत डावाच.

तिसऱ्या वेळी तिने तो हात थेट माझ्या नाकाशी आणला. "मेल्या!"

मुलगा हसला. "बघा भाऊ. कुठला हात गेलाय ते पण समजत नाय तिला."

त्या हाताच्या बोटांची सालं निघाली होती, सांध्यांवर खपल्या होत्या. मी विचारलं, तर सून म्हणाली, "न्हाणीतल्या दगडावर घासत बसते. किती हाका मारा, उठत नाय." तेही मी लिहून घेतलं. आणि शेवटच्या रकान्यात ती दोन वाक्यं. फॉर्मची एक प्रत घरी द्यायची आमची पद्धत आहे. मुलाने ती उभ्यानेच वाचली, नीट घडी केली आणि दवाखान्याच्या कागदांच्या पिशवीत ठेवली.

महिन्याभराने मी थाळी आणि जाड दांड्याचा चमचा घेऊन गेलो. तिने थाळी कोपराने बाजूला सारली. मला वाईट वाटलं नाही, उलट आपण लिहिलं ते बरोबरच होतं असं वाटलं. हेही सांगून टाकतो.

मग ती काठी टेकत मागच्या न्हाणीकडे निघाली. दांडी कुठे बसवता येईल ते बघायला मी सुनेबरोबर मागे गेलो. ती स्टुलावर बसली. हातावर पाणी घेतलं. साबणाची वडी दोन गुडघ्यांत धरली आणि डावा तळवा तिच्यावर फिरवला. तळवा झाला. मग बोटांच्या बेचक्या राहिल्या, हाताची मागची बाजू राहिली, नखं राहिली. नखं खूप वाढली होती. तिने डावा हात उजव्या हातावर घासून पाहिला, पण त्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. शेवटी चिमूटभर राख घेतली आणि दगडावर घासायला लागली. घासलं, हात नाकाशी नेला, वास घेतला, पुन्हा घासलं.

मी तिथेच उभा राहिलो. शौचाला जाऊन आल्यावर हाच हात. जेवायलाही आता हाच. लुळा हात धुवायला चांगला हात होता, पण चांगल्या हाताला कोणीच नव्हतं. जन्मभर जिने पोराबाळांना डाव्या हाताने घास घेतला म्हणून दटावलं असेल, ती तोच हात न धुता तोंडात कसा घालणार? आणि हे सांगायला तिच्याजवळ दोनच शब्द होते. आमची सगळी साधनं गेलेल्या हाताचं काम भरून काढायची. उरलेल्या हाताचं कोण करतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"मावशी, हा हात धुवायचाय ना तुम्हाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. नाय म्हणाली नाही, मेल्याही म्हणाली नाही. डावा हात पुढे धरला. तळवा वर, मग पालथा.

मी सागाच्या फळीवर दोन ब्रश बसवले. एक आडवा, तळहात आणि मागच्या बाजूसाठी. एक उभा, बेचक्यांसाठी. फळीला खालून चिकटणाऱ्या रबरी चकत्या लावल्या होत्या, पण खडबडीत दगडावर त्या धरेनात. शेवटी तिच्याच त्या दगडाला भोकं पाडून बोल्ट मारले. दुसऱ्या फळीवर नेलकटर पक्कं केलं आणि त्याला लांब पट्टी जोडली. तिच्या उजव्या खांद्यात थोडा जोर उरला होता. बोट नेलकटरमध्ये धरायचं आणि लुळ्या हाताच्या कोपराने पट्टी दाबायची. पहिल्या वेळी कोपर घसरलं. "मेल्या," ती मला म्हणाली. पट्टी दोन बोटं अलीकडे घेतली. दुसऱ्या वेळी कट्‌ असा आवाज आला आणि नख उडून सुनेच्या पदरावर पडलं. मावशी हसली. तिचा अर्धाच चेहरा हसत होता, पण सून मला म्हणाली, "आजारी पडल्यापासून पयल्यांदा."

त्या दुपारी तिने तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी आपल्या हाताने खाल्ली. भरवायला आलेल्या सुनेला तिने "नाय" म्हटलं.

गोष्ट इथे संपवायला मला आवडलं असतं. संस्थेत पाहुणे आले की मी ती इथेच संपवायचो. ब्रश दाखवायचो, दगडाचं सांगायचो, लोक मान हलवायचे. ताई रजेवरून आल्यावर त्यांनाही सगळं सांगितलं, फक्त ती दोन वाक्यं सोडून.

काही महिन्यांनी ब्रश झिजले म्हणून मुलाचा फोन आला. मी गेलो तर ओटीवर बैठक बसलेली. मावशीच्या नातीला बघायला रविवारी आटगावहून पाहुणे येणार होते, त्याचं बोलणं चाललं होतं. मावशी आतल्या दारात उभी होती आणि काठीने उंबरा ठोकत होती.

"आई, तू आत जाऊन बस गो," मुलगा म्हणाला.

मी सहज विचारलं, "त्यांना विचारलं का, स्थळ पसंत आहे का?"

"तिला काय विचारायचं, भाऊ?" तो अगदी साधेपणाने म्हणाला. "समज कमी आहे तिला. तुमीच तर लिहून दिलंय."

शब्दसुद्धा माझेच होते. आईवर त्याची माया होती, पण त्याने कागदावर विश्वास ठेवला होता, कारण कागद माझा होता.

मी ती पिशवी मागितली. फॉर्म काढला, त्या दोन वाक्यांवर आडवी रेघ मारली, खाली सही केली. मग उंबऱ्यापाशी जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ठोकणं थांबलं.

"मावशी," मी म्हणालो, ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पहिल्या दिवशी तुम्ही मला हात दाखवत होता. तुम्ही बरोबर सांगत होता. मला समजलं नाही, आणि मी लिहिलं की तुम्हाला समजत नाही. ते खोटं होतं. न्हाणीत तुम्हाला पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं, पण लाज वाटली म्हणून बोललो नाही. माझ्यामुळे इतके महिने या घरात तुम्हाला कोणी काही विचारलं नाही. माझं चुकलं, मावशी. मला माफ करा."