सुखदेवभाऊंचा आशीर्वाद

आमच्या कुरखेड्याच्या नाटक मंडळाचे किस्से कोणी सांगत नाही, ते आपोआप निघतात. चहा आला की पहिला निघतो, अन् कप गार झाला तरी थांबायचं नाव नाही. मी मंडळाचा प्रॉम्प्टर. पडद्याआडून सगळ्यांचं सगळं दिसतं मला.

*

सुखदेवभाऊ आमचे कायमचे खलनायक. माणूस एवढा गरीब, की कोंबडीलाही "सरक ना बाई" म्हणतो. पण तालमीत चहा फिका निघाला की सगळे त्यांच्याकडेच बघायचे. लाईट गेली की कोणीतरी म्हणायचं, "काय केलं भाऊ?"

अन् भाऊ म्हणायचे, "माफ करा, आता नाई होणार."

*

राजा होतात रमेश मास्तर. शाळेत तिसरीची पोरंही त्यांना जुमानत नाहीत. पण ते तालमीला आले की आम्ही सगळे उठून उभे! एकदा मास्तर नुसते शिंकले, तर तबलजीनं सलामी वाजवली.

*

एकदा भाऊ तापानं फणफणले, तालमीला आले नाहीत. त्या दिवशीही चहा फिकाच. आता बोलायचं कोणाला? सगळे एकमेकांवर गुरगुरायला लागले. शेवटी राणीचं काम करणाऱ्या शोभाबाईनं फोन लावला.

"भाऊ, काऊन नाई आले? इथी तुमच्यापायी सारं बिघडून राह्यलं."

भाऊ चादर गुंडाळून आले. चार बोलणी खाल्ली. तालीम झकास झाली.

*

यंदा मात्र भाऊ अडून बसले. गेल्या वर्षी नाटक पाहिल्यापासून त्यांची चिमुकली नात जवळच येत नव्हती. "मले एकदा चांगला माणूस करा," म्हणाले. "पोरगी मले भिऊन राह्यली." ऐकून आम्हालाही वाईट वाटलं.

भाऊंना साधू केलं. काम एकच, जंगलात हरवलेल्या राणीला आशीर्वाद द्यायचा. खलनायक केलं पवनला, मोबाईलच्या दुकानातल्या नव्या गड्याला.

प्रयोगाला नात पुढच्याच सतरंजीवर. भाऊ पांढरी दाढी लावून आले, हात वर केला. शोभाबाई सवयीनं किंचाळली अन् पळत सुटली. मी आतून सांगतोय, "पाया पडा, पाया!" भाऊ बिचारे तिच्यामागे, "बाई, आशीर्वाद तर घे!"

तेवढ्यात पवन तलवार उपसून धावत आला, राणीला पाठीशी घालून उभा ठाकला. "खबरदार, बाईले हात लावशील तर!"

नात ताडकन उठली, स्टेजवर चढली अन् भाऊंच्या पायाला घट्ट बिलगली. पवनवर बोट रोखून म्हणाली, "माह्या आबाजीले मारशील तर पाह्य!"

खलनायकानं तलवार खाली ठेवली अन् म्हणाला, "सॉरी."