दोन बटणं

पेटंटच्या अर्जांसाठी यंत्रांची चित्रं काढायची, हे माझं काम. कागदाचे रोल कापणाऱ्या एका यंत्राला दोन बटणं होती, एकमेकांपासून चांगली हातभर लांब. दोन्ही दाबलेली असतील तरच पातं खाली येणार, म्हणजे दोन्ही हात पात्यापासून दूरच राहणार. चित्र काढताना मला त्या युक्तीत माया दिसली होती.

परवा ते यंत्र एका कारखान्यात चालताना पाहिलं. डाव्या बटणाच्या फटीत कागदाची घट्ट घडी खोचून ते कायमचं दाबून ठेवलेलं. यंत्रावरचे एक वयस्क कामगार उजव्या हाताने दुसरं बटण दाबत होते आणि डाव्या हाताने पात्याखाली रोल सरकवत होते.

"मामा, ही घडी कोणी घातली?"

"मीच. काम भराभर उरकतं."

कोणीतरी अनोळखी माणूस याच हातांचा विचार करत किती दिवस बसला असेल. त्या सगळ्या विचाराला कागदाची एक घडी पुरली.

मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघतच राहिलो. त्याला तीनच बोटं होती.

"ही दोन जुन्या यंत्रावर गेली," ते समजुतीने म्हणाले. "या नव्यात भीती नाही."