तिला साहित्यात गती नव्हती

आमच्या घरात लेखक नवरा आणि टाइप करणारी मी. त्याला देवनागरीत टाइप करायचा कंटाळा. कामावर जाताना गाडीतून तो मला व्हॉइस मेसेज पाठवतो आणि मी माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात ओट्याशी उभी राहून अंगठ्याने त्याचा लेख करते. संदर्भही लायब्ररीतून पुस्तकं आणून मीच तपासते. इथे परदेशातली मराठी मंडळी त्याला 'आमचे साहित्यिक' म्हणतात.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी त्याने एक व्हिक्टोरियन कादंबरीकार घेतला. इतकी वर्षं लोटली तरी त्या माणसाचा दबदबा तसाच. घर, संसार, मायेची माणसं यांवर इतकं गोड कुणी लिहिलंच नाही, असं नवरा गाडीतून भरल्या गळ्याने सांगत होता. मी चरित्र आणलं. या गोड माणसाने बायकोकडून वर्षानुवर्षं हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती करून घेतल्या आणि मग एक दिवस तिला तिच्या भावाच्या दारात नेऊन सोडलं. पोरं ठेवून घेतली. मित्रांना कळवलं, तिला साहित्यात गती नाही.

मला शिसारी आली. पुस्तक मिटून मी हात धुतले, खरंच धुतले. लेकीला सांगितलं तर ती टोस्ट खातखात म्हणाली, "ही साउंड्स ग्रोस, आई. व्हाय डू पीपल स्टिल रीड हिम?"

मग मी लेखात माझ्या मनाने एक परिच्छेद घातला, त्या बाईचा. आजवर असं कधी केलं नव्हतं.

लेख त्याला वाचायला पाठवला, तर दुसऱ्या दिवशी गाडीतून मेसेज आला. "अगं, तो बायकोचा पॅरा काढ. लोकांना लेखक हवा असतो, त्याच्या घरातली भांडणं नकोत. फार तर एक ओळ टाक, पत्नीला साहित्यात गती नव्हती. चालेल ना? स्वीट ॲज?" मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती.

भांडायला हवं होतं. पण अंक त्याच दिवशी छापायला जायचा होता, कुकर लावायचा होता, आणि खरं सांगायचं तर मला भांडायची सवयच नव्हती. मी परिच्छेद पुसला, ती ओळ टाइप केली आणि वर तिचं शुद्धलेखनही तपासलं. त्या कादंबरीकारापेक्षा मला माझ्या अंगठ्याचीच जास्त किळस वाटली.

टाकानिनी उपनगरात एका मित्राच्या नव्या घरी अंकाचं प्रकाशन झालं. नवऱ्याने लेख वाचला, टाळ्या पडल्या. नंतर जेवताना यजमानीणबाईंनी मला सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही नाही का काही लिहीत?"

मी तोंडातला घास गिळेपर्यंत नवरा पलीकडून म्हणाला, "छे हो, हिला साहित्यात गती नाही."

सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसले.