चावीवाले मामांची तोडी

चावीवाले मामा भर रस्त्यात वाकून लोखंडी दांड्याला कान लावून उभे असत, तेव्हा नवख्या माणसाला वाटायचं की ह्यांना चक्कर आली. दांड्याचं एक टोक जमिनीतल्या व्हॉल्व्हवर, दुसरं कानामागच्या हाडाशी, डोळे मिटलेले. शिवाजी पेठेतल्या आमच्या भागाला पाणी सोडायची चावी तीस वर्षं त्यांच्या हातात होती. पाइप जमिनीखाली कुठं गळतो हे ते दांड्यातून ऐकून सांगत, आणि ते दाखवतील तिथं खणलं की ओल लागे. पुढं गळती शोधायचं यंत्र आलं, तरी साहेब लोक आधी मामांना हाक मारत. "यंत्राला समदं ऐकू येतंय," मामा म्हणायचे, "पण त्यातलं काय ऐकायचं, ते त्याला कोण सांगणार?"

हाच कान ते गाण्याला लावत. गाण्याचं शिक्षण शून्य. तरुणपणी कुणाच्या घरी नळ दुरुस्त करायला गेले असताना आत रेकॉर्ड लागली होती. काम उरकलं तरी मामा हलेनात. "पाना हातात धरून दोन तास उभा राहिलतो," ते सांगत. "घरमालकाला वाटलं, चहासाठी थांबलाय. त्यानं तीनदा चहा दिला." त्यानंतर त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि गावात कुठंही बैठक असली की कोपऱ्यात जाऊन बसायला लागले. कुणी त्यांना बोलावत नसे आणि कुणी हाकलतही नसे.

मी शाळेतून निवृत्त झालो आणि दर रविवारी सकाळी नऊला माझ्या घरी आम्ही सहा-सात जण गाणं ऐकायला जमू लागलो. एकेकानं आपल्या आवडीचं एक रेकॉर्डिंग आणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्यात मामा आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी दोन नियम घातले. ज्यानं शिफारस केली त्यानं शेवटपर्यंत समोर बसायचं, लिंक पाठवून मोकळं व्हायचं नाही. आणि गाणं चालू असताना कुणी एक शब्द बोलायचा नाही, दादसुद्धा द्यायची नाही. "जे बोलायचं ते त्या वक्ताला तिथं बसलेल्यांनी बोलून ठेवलंय," ते म्हणाले. "आपण कशाला मधी?" मला जन्मभर वर्गात जी शांतता मिळाली नव्हती, ती मामांनी माझ्या हॉलमध्ये आणून दिली.

त्यांची स्वतःची शिफारस मात्र ऐकण्यासारखी असे. आम्ही राग सांगायचो, घराणं सांगायचो. मामा सांगायचे, "त्यो भूप घ्या, ज्यात म्हातारा खोकतोय." किंवा, "दुसऱ्या बाजूला तबलजी हातोडी मारतोय, तितनं फुडं ऐका." एका मालकंसाच्या मागं कुत्रं भुंकत होतं, तर ते नेमकं सुरात भुंकतंय असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही पेटी काढून बघितलं. ते सुरातच होतं. आम्ही त्यांची पुष्कळ चेष्टा करत असू आणि त्यांना तिचं वाईट वाटत नसे.

माझी गोष्ट उलटी. मला स्वच्छ आवाज लागतो. निवृत्तीच्या पैशातून मी पहिल्यांदा काही घेतलं असेल तर ते भारीतले स्पीकर. टेपची खरखर, लोकांचं खाकरणं, पंख्याची घरघर ह्यांनी माझ्या कपाळाला आठ्या पडत. "सर, तुमाला गाणं पायजे, पण माणसं नकोत," मामा एकदा म्हणाले. मी ते हसण्यावारी नेलं.

मामांच्या सगळ्या कॅसेटींमध्ये एक कॅसेट होती तोडीची. गडहिंग्लजकडच्या एक बाई होत्या. गाणं मोठं, नाव काहीच नाही. त्या नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जाऊन परत जाताना मामांच्या दोन खोल्यांच्या घरी उतरल्या आणि सकाळी सतरंजीवर बसून गायल्या. ऐकायला शेजारची चार माणसं. मामांनी त्या दिवशी रजा टाकली होती, त्यामुळं पाणी दुसऱ्या कुणीतरी सोडलं. गाण्याच्या मध्यावर बाई वरच्या षड्जाकडं निघाल्या आहेत, सगळी खोली त्यांच्याबरोबर वर चालली आहे, आणि आतल्या खोलीतून एका बाईमाणसाचा आवाज येतो, "ओ, पाणी आलंय." मागं बादलीची कडी वाजते. गाणाऱ्या बाई थबकतात, हसतात, आणि हसत हसतच षड्ज लावतात.

ही कॅसेट मामा वर्षातून दोनदा तरी लावायचे. ती जागा जवळ आली की उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि ‘पाणी आलंय’ झालं की खाली घ्यायचे. आम्हाला वाटे, षड्जासाठी करतात. तो आवाज त्यांच्या बायकोचा होता. त्या बैठकीनंतर वर्षभरातच ती कावीळ होऊन गेली. मागं चार वर्षांची मुलगी, दोन फोटो आणि कॅसेटमधले हे दोन शब्द राहिले. बायको लवकर गेली एवढं आम्हाला माहीत होतं. पण तो आवाज कुणाचा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही. ही गोष्ट मी सांगतो आहे ती माझी बाजू मांडायला नव्हे, मला बाजूच नाही.

तीन वर्षांमागं मामांचा टेपरेकॉर्डर बंद पडला. दुरुस्त करणारं कुणी उरलं नव्हतं, सुटे भाग मिळत नव्हते. दिवाळी गेली, संक्रांत गेली, मामांनी तोडी लावली नाही. एका रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ओ सर, ती तेवढी तोडी त्या पेन ड्राइव्हमधी घालून मिळंल का? लई दिवस झालं." कॅसेट त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती. दुसऱ्या कुणाच्या हातात त्यांनी ती दिल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. मी मनात ठरवलं, नुसती घालून द्यायची नाही, अशी लखलखीत करून द्यायची की मामांना कळेल गाणं म्हणजे काय.

मी एका स्टुडिओत गेलो. चाळिशीचा माणूस, कामात हुशार. पाच दिवसांनी त्यानं फोन केला. "सर, खरखर समदी गेली. पंखा गेला. मधी एक बाई बोलत्यात, पाणी आलंय म्हणून. ते ठेवायचं का काढायचं?"

त्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, "काढा."

"तंबोऱ्यानं भरून काढतो, कळणारसुदिक न्हाई," तो म्हणाला. घ्यायला गेलो तेव्हा त्यानं सांगितलं की कॅसेट उलटी फिरवताना पट्टी तुटली आणि यंत्रात चुरगळली, आता ती टाकायच्याच लायकीची आहे. मी म्हटलं, टाका. माझ्यासमोर त्यानं ती केराच्या डब्यात टाकली. रुमाल तेवढा मी आठवणीनं परत आणला, बायकोकडून धुऊन घेतला, आणि घडी घालून त्यावर पेन ड्राइव्ह ठेवून मामांना दिला.

त्या रविवारी सगळे आले होते. मी स्पीकर पुढं ओढून ठेवले. मामा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. तोडी सुरू झाली आणि खरंच, बाई समोर बसून गाताहेत इतका आवाज साफ होता. दोघा-तिघांनी माझ्याकडं बघून माना हलवल्या. मी मामांकडं बघत होतो. षड्ज जवळ आला. मामांनी बोट वर केलं. बाई थबकल्या, हसल्या, आणि त्या का हसल्या ते काहीच कळेना. मग षड्ज लागला. मामांचं बोट वरच होतं. गाणं पुढं गेलं, द्रुत सुरू झालं, आणि तो माणूस बोट वर धरून बसून राहिला. बोलायचं नाही हा नियम त्यांचाच होता. पंधरा-वीस मिनिटं ते तसेच बसले होते.

गाणं संपल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि हळूच विचारलं, "सर, ती कुठं गेली?"

"कोण?"

"पाणी आलंय म्हणणारी."

"ते काढून टाकलं, मामा," मी म्हणालो, आणि मला अजून स्वतःचा तो आवाज आठवतो, बक्षीस मागणाऱ्याचा. "किती अडचण होती मधे."

"बायको हुती ओ माझी," मामा म्हणाले.

माझी बायको चहा घेऊन आली. मामांनी कप घेतला, बशीत ओतून सगळा प्याले, आणि माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "तुमी चांगल्यासाठीच केलासा." मी त्याच दुपारी स्टुडिओत गेलो. साफ करायच्या आधी कॅसेटवरून उतरवलेली प्रत त्यानं पुसून टाकली होती. कचऱ्याची गाडी रोज सकाळी येते, असंही त्यानं सांगितलं.

मामा पुढचे दोन रविवार आले. कशाचीच शिफारस केली नाही. नंतर यायचे बंद झाले. महिन्याभरानं मी धीर करून त्यांच्या घरी गेलो. ते आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला हातानं थांबवलं. त्यांना दुसरंच काहीतरी हवं होतं.

"सर, तुमचा कान चांगला हाय. तुमी ऐकलंय न्हवं इतक्या येळा? आलंय म्हणताना ती वर जायाची का खाली यायाची? माझा गोंधळ व्हायलाय. रोज येगळंच आठवतंय."

मी म्हटलं, वर जायच्या. "म्हणून दावा," मामा म्हणाले. मी त्यांच्या बायकोचे शब्द त्यांच्याच घरात बसून म्हणून दाखवले. त्यांनी नाही अशी मान हलवली. मी जरा खालच्या सुरात म्हटलं. पुन्हा मान हलली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते डोळे मिटून, मान कलती करून, रस्त्यावर दांड्याला कान लावून उभे असत तसे ऐकत होते. बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "न्हाई. तसं न्हाई. जाऊ द्या."

मामा त्या पावसाळ्यात गेले. फार आजारी नव्हते. पेठेतल्या पुष्कळ माणसांना आपल्याकडं पाणी कोण सोडत होतं, हे त्या दिवशी कळलं.

तेरावं झाल्यावर त्यांची मुलगी माझ्याकडं आली. ती गडहिंग्लजला दिलेली, आता तिलाही दोन मुलं. दारातूनच म्हणाली, "सर, आईचा आवाज असल्याली कॅसेट तुमच्याकडं हाय न्हवं? बाबा म्हणालते, सरांनी नीट करून सांभाळून ठेवलीया, काळजी करू नकोस. पोरास्नी एकदा आजी ऐकवायची हाय."

म्हणजे मामांनी तिला सांगितलंच नव्हतं. मरेपर्यंत त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. मलाही तिच्याशी खोटं बोलता आलं असतं, पावसात भिजली म्हणून सांगता आलं असतं, आणि क्षणभर मी तसं बोलणारही होतो. पण बोललो नाही. जे केलं ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "गाणं तर हाय न्हवं? तेवढं द्या." मामा त्या रविवारी माझ्याकडंच सोडून गेलेला पेन ड्राइव्ह मी तिला दिला. कुठली जागा ते सांगितलं. बाई जिथं हसतात तिथं.

रविवारची बैठक मी बंद केली. स्पीकरवर बायकोनं कुंड्या ठेवल्या आहेत. आमच्याकडं पाणी एक दिवसाआड येतं, सकाळी साडेआठच्या सुमाराला. ती स्वयंपाकघरातून हाक मारते, "अहो, पाणी आलंय." मोटर लावायचं काम माझं. पण मी लगेच उठत नाही. ती चिडते, जोरात पुन्हा म्हणते, कान फुटले का म्हणून विचारते. मी डोळे मिटून तसाच बसून असतो. ती आलंय म्हणताना वर जात नाही, खाली येते.