बानूबाईच्या रक्तात न सापडलेला ताप

बानूबाईचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. तिच्यावर राग येतो, त्या तपासणीच्या कागदावर येतो आणि कागदावर छापलं म्हणजे संपलं असं मानणाऱ्या सगळ्यांवरच येतो. मी पिंगळीजवळच्या एका खेड्यात आशाताई आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला बानूबाई राहते. तिचा नवरा, येडबा, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतो, आणि ही मागं राहिलेली कोकरं सांभाळते. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या घरी काही झालं की पहिली धावणार.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, पोळ्याच्या सुमारास, मी घरोघर ताप विचारत फिरत होते. हिनं आतून कडी लावलेली. "बरी हाय गं, जा तू," म्हणाली. दारात करपलेल्या दुधाचा भपकारा येत होता. मी म्हटलं, "मावशी, दूध करपलंय." तर म्हणते, "कुठं? मला तर वास येईना." तेवढ्यावर बोलणं बंद. पुढं कळलं, अंगात ताप होता, वास गेला होता, पण तपासणीला गेलं की धरून नेतील आणि कोकरं उपाशी मरतील, ही भीती. म्हणून कुणाला म्हणून सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात पोखर्णीला तिचा धाकटा भाऊ भुजंग छातीत कळ येऊन गेला. आमच्याकडं सख्खी बहीण भावाच्या मातीला आली नाही तर पुढं बोलायला काही उरत नाही. बानूबाई गेली नाही. माहेरी म्हातारी आई, डोळ्यांनी न दिसणारी. तिला आपला आजार लागू नये म्हणून. फोनवर फक्त "मला येनं व्हत न्हाई" एवढंच बोलली. भावजय शिवकन्यानं त्या दिवसापासून तिला दार बंद केलं. आई त्या दाराच्या आत.

बरेच दिवस उलटल्यावर बानूबाईनं तापाचं सांगितलं, तेव्हा कोण विश्वास ठेवणार? शिवकन्या म्हणाली, आता सुचलंय होय.

पुढच्या उन्हाळ्यात गावात रक्त तपासायला पथक आलं. कुणाकुणाला कोरोना होऊन गेलाय, ते रक्तावरून बघणार होते. बानूबाई रांगेत सगळ्यांच्या पुढं. तिचा हिशोब मेंढरांचा. म्हणाली, "मेंढराला देवी येऊन गेली की अंगावरचा वन मरंस्तवर जात न्हाई. मग रक्तातला वन कुठं जाईल?" मी तिला थांबवायच्या आत तिनं शिवकन्याला फोन लावला, तोही माझ्याच फोनवरून. "माज्या रक्तात निघालं न्हाई तर तुज्या दारात पाय ठेवनार न्हाई, जा!" मी तिचा पदर ओढत होते. ऐकेल ती बानूबाई कसली!

कागद आला. निगेटिव्ह.

पथकातल्या डॉक्टरांना मी गाठलंच. ते म्हणाले, आजार होऊन गेला की त्याच्याशी लढणाऱ्या अँटीबॉडी रक्तात तयार होतात, पण सगळ्यांच्या सारख्या टिकत नाहीत. घरीच बरा झालेल्या माणसात मुळात कमी बनू शकतात, आणि महिने गेले की ओसरत जातात. चाचणीला सापडतील एवढ्या उरल्या नाहीत की निगेटिव्ह येतं. आजार झालाच नव्हता, असा त्याचा अर्थ नाही.

"मग हे कागदावर का लिहीत नाही?" मी विचारलं. ते पुढच्या गावाला निघाले होते.

बानूबाईला मी सगळं समजावलं. ती कागदाकडं बघत म्हणाली, "म्हंजी मी लबाड."

मग गावात लस आली. लस घेतल्यावर मला न विचारता बाई एकटीच परभणीला गेली आणि खाजगीत पुन्हा रक्त देऊन आली. या वेळी पॉझिटिव्ह! कागद नाचवत आली. तो लसीमुळंही तसा येतो, जुन्या तापाचा पुरावा म्हणून त्याला काही किंमत नाही, हे मलाच सांगावं लागलं. लय शिव्या दिल्या तिनं. मला, लसीला, परभणीला. मी ऐकून घेतल्या, कारण माझाही जीव तेवढाच वैतागला होता. होता तेव्हा ताप दाखवला नाही, आणि आता दाखवायचा तर रक्त साथ देत नाही!

या वर्षी आई अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मीच बानूबाईला पोखर्णीला घेऊन गेले. शिवकन्यानं ओसरीवर बसवलं. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं.

शिवकन्या म्हणाली, "ताई, तुमचं खरं असंल. ताप आला असंल. पर वन्संनी मला तवा का न्हाई सांगितलं? तरी मी त्यांच्यासाठी दिवस मावळंस्तवर माती थांबवली. मानसं मला बोलायली, मी ऐकून घेतलं."

"सांगितलं असतं तर मला धरून नेलं असतं," बानूबाई म्हणाली.

"कुनाला कळलं असतं? मी सांगितलं असतं का कुनाला?"

बानूबाईनं आतल्या दाराकडं मान वळवली.

आतून म्हातारीचा बारीक आवाज आला, "कोन आलंय गं?"

बानूबाई अर्धी उठली. शिवकन्यानं तिच्याकडं बघितलं, मग दाराकडं तोंड करून म्हणाली, "कुनी न्हाई आत्या. दवाखान्याच्या ताई आल्यात."